चार कुलपांचं दार

"इसार ठीक आहे," हे म्हणाले, "आता किंमत सांगा."

दलाल उंबऱ्यात उभा राहून कपाळ पुसत होता. आमचा चढ चढून आलेल्या प्रत्येकाला आधी दोन घोट पाणी द्यावं लागायचं, ते त्याचं पिऊन झालं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे, आणि आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाला, "काका, ही किंमतच आहे."

"पूर्ण घराची?"

"पूर्ण घराची."

"वरचा मजला धरून?"

"गच्चीसुद्धा धरून, काका."

हे हसले. हसता हसता मला म्हणाले, "अगं, ऐकलंस का? याला वाटतंय आपण नुसतं दार विकायला काढलंय."

दलालही हसला, पण त्याचं हसू लवकर संपलं. यांचं बराच वेळ चालू राहिलं. तो उतरून दिसेनासा झाल्यावर यांनी दार लावून घेतलं, एकामागून एक चारही कुलपं फिरवली आणि जेवायला बसले. त्या दिवशी हे एक घास कमी जेवले, ते मी पाहिलं.

यांचा धंदा किल्ल्यांचा. चढाच्या पायथ्याशी, बसथांब्याला लागून पत्र्याची टपरी होती; आत एक माणूस आणि एक मशीन मावेल एवढीच. किल्ली कापून द्यायची, अडून बसलेलं कुलूप सोडवायचं, किल्ली हरवून दारात बसलेल्या माणसाला त्याच्या घरात नेऊन सोडायचं. गल्लीत यांना नावाने कुणी हाक मारली नाही. हे 'किल्लीवाले' आणि मी 'किल्लीवाल्या वहिनी'. कोटाच्या उजव्या खिशात किल्ल्यांचा असा भलामोठा जुडगा असायचा की त्या बाजूने यांचं अंगच जरा कललेलं होतं. तो खिसा दरवर्षी फाटायचा आणि आमच्या घराशेजारच्या शिवणवाल्या बाई तो शिवून द्यायच्या.

"किल्लीवाले, एकदाचं चामडंच लावून देते," त्या म्हणायच्या.

"नको, मग तुमच्याकडे यायला निमित्त काय उरणार?"

पन्नाशी उलटली, साठी उलटली, तरी यांची ही थट्टा तीच राहिली. शिवणवाल्या बाई दर वेळी नव्याने हसायच्या आणि मी दर वेळी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

यांची एक पद्धत होती. गल्लीत घर विकलं गेलं की नवं कुलूप बसवायला हेच जायचे. पण जुनं काढण्याआधी घर सोडणाऱ्या माणसाला बोलावून घ्यायचे, त्याचीच किल्ली त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "शेवटचा फेरा तुमचा." सामान खाली गाडीत भरलेलं असो, बायकोच्या हाका चालू असोत, तो फेरा झाल्याशिवाय हे स्क्रूला हात लावत नसत. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, "आपल्या हातानं बंद केलं की मग सारखं वळून बघावंसं वाटत नाही."

आमचं घर चढाच्या अगदी वरच्या टोकाला. अरुंद, उभं, डबीवर डबी ठेवावी तसं. खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, वर झोपायची, त्याच्यावर गच्ची. घेतलं तेव्हा वर कुणी राहायला तयार नव्हतं, म्हणून आम्हाला परवडलं. दाराला तेव्हा एक साधं कुलूप होतं, लेकीच्या मुठीएवढं. शाळेतून आली की ती ते आपलं आपण उघडायची.

मग भाव चढायला लागले. ते चढले कसे, याबद्दल शिकल्यासवरल्या लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे म्हणे. मला विचाराल तर त्यातला थोडा भाग यांच्या मशीनने चढवला. किल्ली कापताना ते असं किंचाळायचं की गिऱ्हाइकाला ओरडूनच बोलावं लागे. आणि गिऱ्हाइकं बोलणार काय, तर घरांचे भाव. "वळणावरचं गेलं! केवढ्याला गेलं म्हणताय!" हे थेट बसथांब्यापर्यंत ऐकू जायचं. थांब्यावरची माणसं तो आकडा घेऊन बसमध्ये चढायची आणि संध्याकाळी उतरताना तोच आकडा थोडा अंगाने भरलेला असायचा.

भाव वाढला की लोक कुलूप वाढवायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. घरात सामान तेच, माणसं तीच, पण आकडा ऐकून घरी आलेल्या माणसाला आपलं जुनं कुलूप अचानक खेळण्यातलं वाटायला लागायचं. समोरच्या कॅशियरसाहेबांनी तीन लावली. मग हे मागे राहतात होय? किल्लीवाल्याचं दार आणि समोरच्यापेक्षा हलकं? यांनी आधी एक लॅच लावला, मग एक लांब जिभेचं जाडजूड कुलूप, आणि चौथं तर यांनी स्वतःच केलं. दोन जुन्या कुलपांची आतडी एकत्र करून महिनाभर घासत बसले होते.

"हे मलासुद्धा उघडता येणार नाही," असं येईल त्याला सांगायचे.

"मग उपयोग काय त्याचा?" मी म्हणायचे.

"तुला नाही कळायचं. आता हे काय साधं घर राहिलंय?"

दूधवाला दारात उभा राहायचा आणि आतून मी एक, दोन, तीन, चार अशी कुलपं उघडत असायचे. तो म्हणायचा, "वहिनी, सावकाश होऊ द्या, फार तर दही होईल."

त्याच भराच्या दिवसांत गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ आले होते. वरच्या खिडकीतून खालची छपरं पाहिली, नदीचं वळण पाहिलं, खुळ्यासारखे फोटो काढले आणि उतरता उतरता जिन्यातच त्यांनी एक आकडा सांगितला. हे म्हणाले, "विचार करून सांगतो." विचार कसला, यांना वाटलं अजून वर जाईल. गृहस्थ गेले ते गेलेच. आकडा मात्र आमच्याकडे राहायला आला. आमच्याबरोबर जेवायला बसायचा, सुट्टीच्या दिवशी दुपारी आडवा व्हायचा. भिंतीला ओल आली, यांनी तो आकडा काढला. लेकीचं लग्न झालं, व्याह्यांसमोर काढला. "त्या कॅमेरेवाल्यानं एवढं म्हटलं होतं बरं का." मी घरात एखादी गोष्ट इतक्यांदा वापरली असती तर ती झिजून गेली असती.

पुढे गावाबाहेरचा कारखाना दुसरीकडे हलला, त्यातली माणसं गेली, खाली सपाटीवर लिफ्टच्या इमारती उभ्या राहिल्या आणि भाव उतरायला लागले.

चढत होते तेव्हा सगळी गल्ली एका सुरात बोलायची. उतरायला लागल्यावर ज्याची त्याची तऱ्हा दिसली. कॅशियरसाहेब म्हणायचे, "तात्पुरतं आहे. मी असले चढउतार बँकेच्या काचेमागून खूप पाहिलेत. दम धरा फक्त." गंमत म्हणजे त्यांना घर विकायचंच नव्हतं. बायको गेलेली, मूलबाळ नाही, जायचं कुठे? पण भाव पडल्यापासून ते मान खाली घालून चालायला लागले, कुणीतरी वर्गात मागच्या बाकावर नेऊन बसवल्यासारखे. खिडक्यांना दरवर्षी रंग द्यायचे, तोही बंद केला.

शिवणवाल्या बाईंना यातलं काही लागत नव्हतं. "ताई, भिंती होत्या तेवढ्याच आहेत ना? माझ्या मशीनवर सकाळचं ऊन येतं. भाव चढला तेव्हा काय ते जास्त पडत होतं?"

आणि आम्हाला मात्र खरोखरच विकायचं होतं. म्हणजे मला हवं होतं. माझे गुडघे गेले होते. भाजीची पिशवी घेऊन चढ चढताना मी वाटेत प्रत्येकाच्या कट्ट्यावर बसायचे, त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला ठाऊक असायचं. लेक दुसऱ्या गावी मोठ्या दवाखान्यात नर्स. तिच्या शेजारच्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. एक पायरीसुद्धा नाही, असं ती फोनवर सांगायची तेव्हा कुणी मला पक्वान्नाचं वर्णन करून सांगतंय असं वाटायचं.

"बाबा, तिथले भाव पडले तसे इथलेही पडलेत," ती समजवायची. "कमी भावात विकाल आणि कमी भावातच घ्याल. मग तुमचं गेलं काय?"

"घेणं वेगळं, विकणं वेगळं."

"कसं काय वेगळं?"

"तिथं मला कोण ओळखतं? स्वस्तात घेतलं तर घेतलं. इथं माझं घर स्वस्तात गेलं असं सगळी गल्ली म्हणेल."

"आई, तू तरी बोल ना!"

"मी काय बोलू? माझे गुडघे सकाळपासून बोलतायत. बाबांना ऐकू कुठे येतंय? मशीनपाशी उभं राहून कान गेलेत."

शिवणवाल्या बाईंच्या वरच्या खोलीत एक जोडपं भाड्याने राहायचं. ती बस चालवायची, नवरा छापखान्यात होता. एवढीशी पोर, पण आमच्या चढाच्या खालचं वळण ती अशी घ्यायची की थांब्यावरची माणसं टाळी वाजवायची बाकी राहत. जिथे जिथे भाड्याने राहिली तिथल्या किल्ल्या तिने यांच्याकडूनच करून घेतल्या होत्या. हे तिला म्हणायचे, "तू माझं कायमचं गिऱ्हाईक. तुझ्या घरमालकांना माझ्यातर्फे नमस्कार सांग."

दलाल येऊन गेला त्याच आठवड्यात ती सुट्टीच्या दिवशी आली. बिस्किटांचा पुडा माझ्या हातात दिला आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली.

"काका, मला फिरवून बोलता येत नाही. बसच तेवढी फिरवता येते. आमच्याकडे इतके आहेत." तिने आकडा सांगितला. "याच्यावर नाहीत. तुमचं घर आम्हाला द्याल का?"

आकडा दलालाचाच होता.

"दलालाला तू पाठवलं होतंस की तुला दलालानं?" हे म्हणाले.

"कुणीच कुणाला नाही, काका. सध्या हाच भाव चाललाय." मग ती म्हणाली, "भाव चढत होते ना, तेव्हा मी थांब्यावर बस उभी केली की तुमच्या मशीनवरचे आकडे ऐकू यायचे. दर वेळी वाटायचं, आज आपण आणखी एक पायरी खाली गेलो. आता पहिल्यांदाच आकडा हाताला लागेल इतका जवळ आलाय. तुम्हाला वाईट वाटतंय ते मला दिसतं. पण मला आनंद झालाय, तो मी लपवू कुठे?"

हे माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "हिला चहा दे." चहा घेऊन ती गेली तेव्हा चारही कुलपं लावता लावता म्हणाले, "पोरगी चांगली आहे. भाव वाईट आहे."

ही बातमी कॅशियरसाहेबांच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार? ते आले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"तू देतोयस असं ऐकलं."

"कुणी सांगितलं?"

"हे बघ, तू ज्या भावाला देशील तो उद्या गल्लीचा भाव होईल. तुझं एकट्याचं घर नाहीये हे. तू पडलास की आम्ही सगळे पडलो."

"मी कुठे पडतोय?"

"तेच म्हणतोय. पडू नकोस."

"आणि मी पडले तर?" मी आतून विचारलं. "रोज चढउतार मी करते."

"वहिनी, तुमचं म्हणणं मला पटतं," कॅशियरसाहेब म्हणाले. त्यांना सगळ्यांचंच म्हणणं पटायचं आणि ते कुणाचंच ऐकायचे नाहीत. जाताना हळूच यांना म्हणाले, "अगदीच द्यावं लागलं तर दे बाबा. पण सांगताना आकडा वाढवून सांग. कॅमेरेवाल्याचा सांग. कोण बघायला येतंय?"

यांचा चेहरा उतरला. ते गेल्यावर हे मला म्हणाले, "खोटं सांगण्यापेक्षा मी विकतच नाही." मी हात टेकले. त्या तळमजल्याच्या खोल्या लेकीने महिनाअखेरपर्यंत धरून ठेवल्या होत्या, त्या जाणार हे मला दिसत होतं.

आणि मी खरंच पडले. कॅशियरसाहेबांचं ऐकून नव्हे. गच्चीवरून वाळलेल्या कपड्यांची टोपली घेऊन उतरत होते. पुढचं दिसत नव्हतं, एक पायरी चुकली आणि मी चादरींसकट खालच्या वळणावर येऊन बसले. पाय असा मुरगळला की हलवताच येईना. हे टपरीवर होते. जाताना बाहेरून चारही कुलपं लावून गेले होते, रोजच्यासारखी. एवढ्या भावाचं घर नुसतं ओढून घ्यायचं नसतं ना!

मी चादरीवर टेकून बसून राहिले. हे दुपारी जेवायला येणार हे माहीत होतं, म्हणून आरडाओरडा केला नाही. खालून यांची चाहूल लागली तेव्हा हायसं वाटलं. कोटाच्या खिशात जुडगा खुळखुळला. पहिलं कुलूप उघडलं. दुसरं उघडलं. तिसऱ्याची लांब जीभ सरकल्याचा आवाज आला. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, चार. चौथं काही उघडेना.

किल्ली बाहेर आली, परत आत गेली. खटखट झाली. मग कानस घासल्याचा आवाज.

"अगं," हे बाहेरून म्हणाले, "आतून जरा दार ओढून धर बघू."

"अहो, मी पडलेय. जिन्यात आहे. उठता येत नाहीये."

एवढी वर्षं मी यांना लोकांची दारं उघडताना पाहिलं होतं. घाई नाही, जोर नाही, कुलपाला कान लावून त्याच्याशी बोलल्यासारखं. त्या दिवशी यांनी दारावर दोन्ही हातांनी धक्के दिले. चार कुलपांच्या वजनाने ते जुनं दार हळूहळू खाली बसलं होतं आणि चौथ्याची जीभ चौकटीत चावून धरली गेली होती. जितका धक्का द्यावा तितकी ती घट्ट बसे.

"लागलंय का फार?" यांचा आवाज चिरका झाला होता.

"पाय मुरगळलाय. तुम्ही घाबरू नका."

"मी कशाला घाबरतोय?" हे म्हणाले, आणि "कुणीतरी या रे!" असं गल्लीभर ओरडले.

आली ती बसवाली. शिवणवाल्या बाईंच्या वरच्या खिडकीतून पत्र्यावर, पत्र्यावरून आमच्या गच्चीत. खाली चार कुलपं आणि वर गच्चीचं दार मी सताड उघडं टाकून आले होते! ती धाडधाड जिना उतरली, माझ्या पाठीशी उशी दिली, पायाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "मोडलेला नाही वाटत, काकू. काका, काकू ठीक आहेत!"

"पोरी, ऐक," हे बंद दाराबाहेरून म्हणाले. आता आवाज ताळ्यावर आला होता, टपरीवरचा झाला होता. "स्वयंपाकघरात खालच्या खणात हातोडी आहे. आणि जाड खिळा. कुलपांच्या नादी लागू नकोस. दुसऱ्या बाजूला बिजागऱ्या आहेत. त्यांच्यातल्या खिळी खालून वर ठोकून काढ. आधी सर्वांत खालची."

ती ठोकत होती आणि हे बाहेरून सांगत होते, "हळू. गंजलीये ती. थोडं तेल सोड. हां. आता मार." तिन्ही खिळी निघाल्या. तिने आतून ओढलं, यांनी बाहेरून ढकललं, कॅशियरसाहेबांनीही खांदा लावला आणि दार बिजागऱ्यांच्या बाजूने कलून आत आलं. चौथं कुलूप शेवटपर्यंत मिटलेलंच होतं.

हे कपड्यांची टोपली, चादरी ओलांडत माझ्यापर्यंत आले आणि पायरीवर बसले. माझा हात हातात घेतला, सगळ्यांच्या देखत. असं यांनी कधी केलं नव्हतं. शिवणवाल्या बाई पाठ फिरवून चादरींच्या घड्या घालायला लागल्या.

डॉक्टर येऊन पट्टी बांधून गेला. दार भिंतीला टेकवून उभं केलेलं होतं आणि त्या मोठ्या चौकोनातून चढावरचा वारा सरळ स्वयंपाकघरात येत होता. जाणारा येणारा डोकावत होता. कुणी काही नेलं नाही. नेण्यासारखं होतंच काय? हे उंबऱ्याशी स्टूल टाकून बसले होते, दाराकडे बघत.

बसवाली निघाली तेव्हा यांनी तिला थांबवलं. "तू म्हणाली होतीस तेवढ्याला घर तुझं. नवऱ्याला सांग."

कॅशियरसाहेब तिथेच होते. "अरे, आज नको. डोकं शांत होऊ दे. जरा विचार कर."

"केला," हे म्हणाले. "दाराबाहेर उभं राहून केला."

"मग निदान आकडा तरी..."

"आकडा हाच. कुणी विचारलं तर हाच सांगणार." मग त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून हे म्हणाले, "तू घर विकणार आहेस का?"

"नाही."

"मग तुझं काय पडलं?"

कॅशियरसाहेबांनी समोरच्या आपल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "खरंच की." आणि थोड्या वेळाने, "तू जाणार, एवढंच पडलं म्हण." चहा न घेताच ते उठून गेले.

दार यांनी पुन्हा बसवलं. वरची तिन्ही कुलपं उतरवली, भोकांत लाकडाच्या गुट्ट्या ठोकल्या, घासल्या, रंग दिला. जवळून पाहिलं तरच कळावं असं काम केलं. राहिलं ते एक, लेकीच्या मुठीएवढं.

निघायच्या दिवशी सामान खाली पोचलं होतं. बसवाली आणि तिचा नवरा पायरीखाली अवघडून उभे होते. आपल्या आनंदाचा आवाज होऊ नये अशी काळजी घेत. हे स्क्रू काढायची हत्यारं घेऊन आले. खिशातून किल्ली काढली. मला वाटलं, हे स्वतः फिरवणार. आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आलेले, आज यांची पाळी होती. पण यांनी ती माझ्या हातात ठेवली.

"शेवटचा फेरा तुझा," म्हणाले. "घरात जास्त तूच राहिलीस. मी तर टपरीवर होतो."

मी किल्ली फिरवली. काही वाटलं नाही म्हणेन तर ते खरं नाही, पण बोटांना मात्र ती रोजच्यासारखीच लागली. मग यांनी जुनं काढलं, नवं बसवलं, एक साधंसं, आणि सगळ्या किल्ल्या मोजून त्या पोरीच्या हातात दिल्या. "एकच पुरे," तिला म्हणाले. "जास्त लावू नकोस. दार बसतं."

आम्ही निघालो तेव्हा समोरच्या दारात कॅशियरसाहेब उभे होते. मला वाटलं निरोपाला. ते यांना म्हणाले, "हत्यारं बाहेरच आहेत तुझी, तर माझ्या दाराची दोन काढून देतोस का? उघडता उघडता कंटाळा येतो."

गाडीवाला खाली हॉर्न वाजवत होता. यांनी कोट काढून माझ्याकडे दिला आणि समोर गेले. मी शिवणवाल्या बाईंच्या कट्ट्यावर बसून राहिले. दोघे म्हातारे दाराशी वाकून काम करत होते, एक पकडत होता, एक फिरवत होता.

तळमजल्यावर येऊन आता बरीच वर्षं झाली. पुढे तिकडचे भाव परत चढले म्हणे. लेकीने भीत भीत सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "चढू देत की. त्या पोरीला बरं." आणि वर्तमानपत्र उलटलं. यांना इथे टपरी नव्हती. शेजारपाजारचं कुणाचं काही अडलं तर करून द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. खिशात आमच्या दाराची एकच किल्ली असायची. कोटाचा तो खिसा मात्र जुडग्याच्या वजनाने ओढला गेला होता, तो तसाच राहिला, रिकाम्या पिशवीसारखा.

हे गेल्यावर लेक म्हणाली, "आई, कोट कुणाला तरी देऊ या." मी नको म्हटलं. दारामागे खुंटीला आहे तो. मी भाजी घेऊन आले की माझी किल्ली त्या उजव्या खिशात टाकते. ती थेट तळाला जाऊन बसते. परत बाहेर जाताना ती काढायला हात पार कोपरापर्यंत आत घालावा लागतो.